तुपायाचा नकाशा (तळटीप)

तुपाया हा पॅसिफिकमधील रायातेआ बेटाचा रहिवासी, ‘ओरो’ या युद्धदेवतेचा पुरोहित आणि निष्णात दर्यावर्दी होता. बोराबोराच्या योद्ध्यांनी रायातेआ जिंकल्यावर तो जखमी होऊन ताहितीच्या आश्रयास गेला आणि जुलै १७६९ मध्ये तेथूनच जेम्स कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावर चढला. सरकार त्याचा खर्च सोसणार नाही म्हणून कुक आधी राजी नव्हता. निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने तो भार उचलला. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर माओरींना त्याचे बोलणे समजले, कारण दोन्ही भाषा पॉलिनेशियन कुळातल्या. तरीही पहिल्या भेटींत माणसे मारली गेली, हे विसरता येत नाही.

त्याच्या माहितीवरून तयार झालेल्या नकाशाची मूळ प्रत हरवली असून केवळ नकला उरल्या आहेत. त्यांतील सत्तरहून अधिक बेटांपैकी अनेक बेटे युरोपीय पद्धतीने पाहता चुकीच्या जागी दिसतात, म्हणून पूर्वीच्या अभ्यासकांनी दोष तुपायाच्या माथी मारला. अलीकडील एका मांडणीनुसार या नकाशात उत्तर दिशा वरच्या कडेला नसून मध्यबिंदूकडे, म्हणजे दक्षिण गोलार्धात माध्यान्हीचा सूर्य जिकडे असतो तिकडे, कल्पिलेली आहे. ही मांडणी सर्वमान्य नसली तरी जुन्या आक्षेपापेक्षा ती अधिक विचारार्ह वाटते. १७७० च्या अखेरीस बटाव्हियात (आजचे जाकार्ता) आजारपणाने तुपायाचा मृत्यू झाला.