सरकारची शिल्लक, घरचं मीठ

मैत्रिणींनो, गटाच्या वहीत शिल्लक दिसली की आपण खूश होतो. पण ती कुणाच्या पोटाला चिमटा काढून जमली असेल तर?

मार्च १९०२. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ७ कोटींची शिल्लक जाहीर झाली. अभिनंदनं सुरू झाली. आपले गोपाळ कृष्ण गोखले उठले नि म्हणाले, मी यात सामील नाही. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेलेला, आणि मिठावर मणामागे अडीच रुपये कर! माणसं वाढली, त्या मानानं मिठाचा खप वाढला नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं.

अंदाजपत्रकावर सभासदांना मत देता येत नसे, फक्त बोलता येई. गोखले बोलत राहिले. १९०३ मध्ये कर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक.