आपत्तीच्या वाटेत नेमके किती जण?

हवामानजन्य आपत्तीची जोखीम तीन घटकांवरून ठरते : संकटाची तीव्रता किती, त्याच्या वाटेत किती माणसे, घरे, शेती व गुरे येतात आणि आघातातून सावरण्याचे बळ त्यांच्यात किती. हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २०१२ मधील विशेष अहवालाने हीच मांडणी केली. यांतील मधला घटक मोजण्यास सर्वांत सोपा वाटतो; प्रत्यक्षात फसगत तेथेच होते.

गोव्याच्या आधी, १९५४ मध्येच पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेल्या दादरा व नगर हवेलीचे उदाहरण घेऊ. अवघे ४९१ चौरस किलोमीटर क्षेत्र, आणि तेवढाच एक जिल्हा. पाऊस वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर, तोही बहुतांश चार महिन्यांत. नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा मधुबन धरणातून खाली येते आणि सिल्वासाजवळून वाहत दमणला समुद्रास मिळते. ऑगस्ट २००४ मध्ये अतिवृष्टी झाली, धरणातून पाणी सोडावे लागले आणि नदीकाठचा सखल भाग जलमय झाला. खानवेलकडील डोंगराळ पाड्यांची चिंता मात्र वेगळी : उतारावरील माती वाहून जाणे, पावसाच्या खंडात नागली-भात करपणे, उन्हाळ्यात विहिरी आटणे. जिल्ह्याला एकच गुणांक दिला, तर या दोन्ही गोष्टी त्यात पुसल्या जातात.

हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१९ मध्ये देशातील ५७३ ग्रामीण जिल्ह्यांचे मूल्यमापन केले. त्यांपैकी ३१० जिल्हे उच्च वा अतिउच्च जोखमीचे ठरले. निधीचा अग्रक्रम लावण्यास अशी यादी उपयुक्त आहे. कोणता पाडा आधी हलवावा, हे ती सांगत नाही. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीतील म्हादईकाठची गावे आणि त्याच तालुक्यातील उंचावरील वाडे यांची स्थिती सारखी नव्हती, हे आपण पाहिलेच आहे.

त्यासाठी पूररेषेच्या नकाशावर गावनिहाय लोकसंख्या मांडावी लागते. पण ही लोकसंख्या कोणत्या वर्षाची? २००१ ते २०११ या दशकात दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० वरून ३,४३,७०९ झाली. सुमारे ५६ टक्क्यांची ही वाढ देशात सर्वाधिक होती. शहरी वाटा २३ वरून ४७ टक्क्यांच्या आसपास गेला. नदी तीच, पाऊस तोच असला, तरी वाटेत येणारी माणसे वाढली. त्यानंतरची जनगणना लांबली आणि तिची संदर्भतिथी आता १ मार्च २०२७ आहे. तोवर आधार २०११ च्याच आकड्यांचा.

सिल्वासातील डोकमर्डीसारख्या वस्तीत ही त्रुटी अधिक जाणवते. औद्योगिक पट्ट्यात कामासाठी आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे मूळ गावच्या यादीत असतात, येथे नसतात. म्हणून ग्रामपंचायत वा पालिकेने पावसाळ्यापूर्वी घरोघर नोंद घेणे हाच खात्रीचा उपाय. ही नोंद रात्रीच्या वास्तव्याची हवी. पाळी संपवून कामगार ज्या खोलीत निजतो, त्या खोलीच्या जोत्याची उंची तिच्यात लिहिलेली हवी.