चाळीस नंबरचा दोरा

मंडळी, या शनिवारचा विषय आहे शिवणाचा डबा. हसू नका. बाहेरून बिस्किटांचं चित्र आणि आत सुया, टिचबटणं, हूक, अंगुस्तान, उरलेलं इलॅस्टिक असा डबा तुमच्याही घरी कुठल्यातरी फळीवर पडलेला असणार. फ्लॅट बदलताना आपण टीव्ही टाकून देतो, पण हा डबा बरोबर येतोच.

आमचा डबा आजीचा. त्यात काही लाकडी रिळं आहेत. टोकाला गोल कागदी लेबल, त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत 'पेस्ली' आणि मधोमध ठसठशीत ४०. पेस्ली हे स्कॉटलंडमधलं गाव. आता आजी नागपूरची. आजूबाजूला सगळा कापसाचा मुलूख, शहरात एवढी मोठी सूतगिरणी. मग दोरा स्कॉटलंडचा कशाला? या प्रश्नापायी दोन वीकेंड गेले. जे सापडलं ते सांगतो.

आधी गिरणीचं. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये १५ लाख भांडवलाची कंपनी काढली आणि गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडलं. कापूस इथेच पिकतो, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि कापड खपायला बाजारही आहे, असा साधा हिशोब. जुम्मा तलावाजवळची (म्हणजे आताचा गांधीसागर) दलदलीची जमीन घेतली आणि भर घालायला सुरुवात केली. एका सावकाराने कर्ज द्यायला नकार दिला. म्हणे, हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय. पुढे त्यानेच कबूल केलं की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस मिल.

म्हणजे सूत होतं, भरपूर होतं. मग अडलं कुठे? उत्तर त्या ४० मध्ये आहे.

सुताचा नंबर म्हणजे काय? ८४० यार्डांची एक लड धरायची. अशा किती लडी मिळून एक पौंड वजन भरतं, तो नंबर. ४० नंबरचं सूत म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये ३३,६०० यार्ड, म्हणजे जवळजवळ ३१ किलोमीटर. अर्धा किलोही नाही अशा सुताचं एक टोक झिरो माईलला बांधून निघालात तर बुटीबोरी येईल! नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक.

आता गंमत बघा. हाताने शिवायचा दोरा तीनपदरी असे आणि रिळावर त्या पदरांच्या सुताचा नंबर असे. हाऊने १८४६ मध्ये आणि सिंगरने १८५१ मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं आणि हा दोरा कमी पडायला लागला. मशीनच्या वेगात तो तुटायचा. म्हणून १८६० च्या दशकात सहापदरी दोरा आला. पण बायकांच्या आणि शिंप्यांच्या डोक्यात जुने नंबर पक्के बसलेले. मग कंपन्यांनी नंबर तोच ठेवला, जाडीही तीच ठेवली आणि आतलं सूत दुप्पट बारीक केलं. ४० नंबरच्या सहापदरी दोऱ्यात एकेक पदर ८० नंबरच्या सुताचा! आपल्या भाषेत सांगायचं तर आतलं सगळं नव्याने लिहिलं, पण इंटरफेसला हात लावला नाही. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी आपण शोधून काढली असं वाटत असेल तर विसरा.

इथेच नागपूर अडलं. ८० नंबरचं सूत काढायला कापसाचा तंतू लांब लागतो. अमेरिकेतल्या सी आयलंड कापसाचा तंतू दीड इंचाच्या आसपास. हिंगणघाटचा बनी कापूस देशी वाणांत नावाजलेला, पण त्याची लांबी इंचाच्या आतबाहेरच. त्या काळात हिंदुस्थानी गिरण्या बहुतांशी २० नंबरच्या आतलंच सूत काढत. धोतर, चादर, खादाड वापराचं कापड यासाठी ते उत्तम, पण मशीनच्या दोऱ्यासाठी नाही. जमशेटजींना ही अडचण चांगलीच माहीत होती. त्यांनी १८८६ मध्ये कुर्ल्याची बंद पडलेली गिरणी घेऊन स्वदेशी मिल काढली ती बारीक सुतासाठीच. १८९६ मध्ये तर इजिप्तचा लांब तंतूचा कापूस हिंदुस्थानात पिकवावा म्हणून एक पुस्तिकाच लिहिली.

पेस्लीचं तरी मूळ काय? तिथे कापूस पिकत नाही. १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटनची नाकेबंदी केली, मागाच्या दोऱ्यांना लागणारं रेशीम मिळेना, तेव्हा क्लार्क घराण्याने सुताचाच पीळदार गुळगुळीत दोरा तयार केला. पुढे तो लाकडी रिळावर आला. रिकामं रीळ परत दिलं की अर्धी पेनी परत मिळे. १८९६ मध्ये कोट्स आणि क्लार्क एकत्र झाले आणि जगभरच्या शिवणाच्या डब्यांत शिरले. आजीच्याही.

आता दोन्हीकडे शांतता आहे. पेस्लीतलं उत्पादन १९९३ मध्ये थांबलं. तिथल्या अँकर मिलच्या एका इमारतीत फ्लॅट्स झालेत. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे. दोराही आता बहुतेक पॉलिएस्टरचा. टोक जाळून बघा : सुती दोरा जळलेल्या कागदासारखा वास देत राख होतो, पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. आणि हो, जुन्या रिळाचा दोरा झटका देऊन बघितल्याशिवाय वापरू नका. सूत कुजतं. पटकन तुटला तर तो फक्त बघण्यापुरता.

पण मला खरी चुटपुट वेगळीच लागली. आपण ज्याला 'आजीचा दोरा' म्हणून जपतो तो परदेशी, कारण त्याला लाकडी रीळ होतं, लेबल होतं, नाव होतं. एम्प्रेसचं सूत मात्र घराघरात होतं आणि वापरून संपलं. धोतर विरलं की त्याची लंगोटं, मग फडकं, मग पोतेरं. गावातल्या माणसांनी तीन पाळ्यांत कातलेल्या त्या सुताचं घरात जपून ठेवलेलं काहीच नाही. ते रोजचं होतं ना, म्हणून.

आमच्या डब्याच्या तळाशी चिंध्यांची एक पुरचुंडी आहे. ठिगळांसाठी ठेवलेले तुकडे. त्यातल्या एका जाड पांढऱ्या तुकड्याला आई 'मिलचं कापड' म्हणते. कुठल्या मिलचं ते कापडावर लिहिलेलं नाही. रिळं आता काचेच्या बरणीत शोभेला ठेवायची टूम आहे, खुशाल ठेवा. पण मंडळी, पुरचुंडी फेकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, हे कशाचं, कुठून आणलं होतं? आणि जे सांगतील ते एका चिठ्ठीवर लिहून पुरचुंडीत ठेवा. रिळाला लेबल आहे, चिंधीला आपणच लावायला हवं.