रिकाम्या रकान्यासाठी झालेली लढाई

आजचा धागा एका लढाईचा आहे. तीत किल्ला नाही, तोफ नाही. आहे तो अर्जातला एक रिकामा रकाना.

आरंभ मात्र संगणकाच्या फार आधी, इ.स. १४५४ मध्ये, जर्मनीतील माइन्त्स नगरात करावा लागतो. युरोपात खिळे जुळवून छापलेल्या ज्या ऐवजांची तारीख निश्चित सांगता येते, त्यांतला सर्वांत जुना ऐवज म्हणजे गुटेनबर्गचे बायबल नव्हे. तो मान पापक्षमापत्रांकडे जातो. सायप्रसच्या रक्षणासाठी निधी उभारण्याकरिता चर्चने ही पत्रे विकायला काढली होती. मजकूर सगळा छापील. केवळ घेणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि तारीख यांसाठी जागा कोरी. ती कारकुनाने लेखणीने भरायची. म्हणजे युरोपात छपाई अवतरली तीच मुळी ‘फॉर्म’ घेऊन.

(आपल्याकडे तर फॉर्मचा क्रमांकच दस्तऐवजाचे नाव होऊन बसला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झाला तो ‘सातबारा’.)

त्या पापक्षमापत्रातली कोरी जागा नीट पाहा. ती जागा म्हणजे शाईचा अभाव. ती कोणत्याही लेखणीने, कोणत्याही लिपीत, कोणत्याही गावी भरता येते. कागदाला ‘तुमची लेखणी आमच्या कंपनीची नाही’ असे म्हणता येत नाही.

संगणकात हे उलटे झाले. येथे रिकामी जागा ‘असावी’ लागते, म्हणजे तिचे वर्णन कोणीतरी लिहून ठेवावे लागते: ही जागा येथे सुरू होते, येथे संपते, हिच्यात फक्त तारीख चालेल, हिच्यात पुढील यादीतूनच निवडावे. आणि वर्णन आले की भाषा आली. भाषा आली की ती कोणाची, हा प्रश्न आला.

१९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्ट वर्डने कार्यालयांच्या हाती तीन प्रकारचे रकाने दिले: मजकुराचा, खुणेच्या चौकटीचा आणि ड्रॉपडाउन यादीचा. यादीत जास्तीत जास्त २५ नोंदी. फॉर्मला ‘संरक्षण’ दिले की रकाने सोडून बाकी मजकूर गोठून जाई. हे रकाने वाक्याच्या ओघात बसत. उत्तर लांबले तर पुढचा मजकूर आपोआप सरके. फाइलच्या पोटात त्यांच्या सीमा विशिष्ट अदृश्य चिन्हांनी आखलेल्या असत. ती चिन्हे ओळखणाऱ्यालाच रकाना दिसे. आणि ‘संरक्षण’ म्हणजे तरी काय? खरे कुलूप नव्हे, कुलपाचे चित्र. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने त्या चित्राकडे दुर्लक्ष केले की साहेबांनी गोठवलेली अटींची यादीसुद्धा अर्जदाराला बदलता येई.

याच्या समोर उभे राहिले ते जर्मनीत जन्मलेले स्टारऑफिस. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९९९ मध्ये विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याची संहिता ओपनऑफिस या नावाने खुली केली. त्याच्या लेखन-प्रोग्रामातही फॉर्म करता येत; पण त्यामागची कल्पनाच निराळी होती. तेथे रकाना हा वाक्याचा भाग नव्हता. तो पानावर चिकटवलेली, ठरावीक आकाराची वस्तू होता. उत्तर लांबले तरी खालचा मजकूर जागचा हलत नसे. आता वर्डचा फॉर्म येथे उघडायचा म्हणजे ओघातल्या रकान्याचे चिकटवलेल्या चौकटीत रूपांतर करायचे, आणि परत पाठवताना त्याच्या उलट. प्रत्येक फेरीत काहीतरी गळणार. हे कोणाच्या दुष्टाव्यामुळे होत नव्हते. दोन घरांत ‘रिकामी जागा’ या शब्दाचे अर्थच वेगळे होते.

एकाच घरातही सारे सुखाचे नव्हते. ॲक्टिव्हएक्स या तंत्राने केलेली बटणे व चौकटी विंडोजवर चालत. त्याच कंपनीच्या मॅकवरील वर्डमध्ये त्या निर्जीव असत. पीडीएफने तरी सुटका झाली का? १९९६ मध्ये पीडीएफमध्ये भरण्याजोगे रकाने आले, आणि २००३ मध्ये त्याच कवचात एक्सएफए नावाची दुसरी, वेगळीच फॉर्मपद्धती. परिणामी वरवर पीडीएफ दिसणारी फाइल उघडावी आणि आत ‘कृपया थांबा’ एवढेच एक पान असावे, हा अनुभव पुष्कळांनी घेतला आहे.

मीही घेतला. पदवीच्या शेवटच्या वर्षी एका शिष्यवृत्तीचा अर्ज वर्डच्या फाइलीत आला होता. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस. ‘येथून निवडा’ असे लिहिलेल्या जागी कितीही टिचकी मारली तरी यादी उघडेना. शेवटी त्या शब्दांवरच उत्तर टंकून पाठवले. ‘नमुना बिघडवला’ या शेऱ्यासह अर्ज परत आला. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मित्राचा संगणक मिळाला म्हणून निभावले. या विषयाकडे मी वळलो तो त्या रात्रीमुळे, हे मान्य करायला हवे.

आता राजकारण. मे २००५ मध्ये ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, संक्षेपाने ओडीएफ, हे खुले मानक जाहीर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ठरवले की १ जानेवारी २००७ पासून सरकारी कागदपत्रे खुल्या स्वरूपातच जतन व्हावीत. युक्तिवाद साधा होता: नागरिकाला सरकारचा कागद वाचण्यासाठी विशिष्ट कंपनीचा माल विकत घ्यावा लागू नये. विरोधकांत कंपनीचे पाठीराखे होतेच. पण सर्वांत वजनदार आक्षेप अंध व अपंग नागरिकांचा होता. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी त्यांची साधने त्या काळी वर्डशी जुळत, ओपनऑफिसशी नीट जुळत नसत. ‘खुले’ म्हणजे कोणासाठी खुले, हा त्यांचा प्रश्न. खुल्या मानकांचे समर्थक ही कथा सांगताना हा परिच्छेद वगळतात. तो वगळू नये. राज्याचे माहिती-तंत्रज्ञानप्रमुख पीटर क्विन यांनी त्या वादळात पद सोडले, आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टच्या नव्या स्वरूपालाही मान्यता दिली.

ते नवे स्वरूप म्हणजे आज आपल्या ओळखीचे ‘डॉकएक्स’. मानकाचे नाव ऑफिस ओपन एक्सएमएल. २००७ च्या वर्डमध्ये फॉर्मसाठी नवे रकानेही आले, ‘कंटेंट कंट्रोल’ या नावाचे. मानकाचे वर्णन सहा हजारांहून अधिक पानांचे. त्यात जुन्या पिढ्यांचे दोषही वारसाहक्काने आले. ‘वर्ड ९७ च्या नियमाप्रमाणे ओळी तोडा’ अशा सूचना पहिल्या मसुद्यात होत्या, पण तो नियम काय, हे नव्हते. आणखी एक मौज: इ.स. १९०० हे लीप वर्ष नव्हते. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामने ते लीप धरले, एक्सेलने जुळणीसाठी ती चूक उचलली आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय मानकात शिरली. एका चुकीच्या २९ फेब्रुवारीला असे राजाश्रय मिळालेले उदाहरण पंचांगाच्या इतिहासातही विरळा.

सप्टेंबर २००७ च्या पहिल्या मतदानात हा प्रस्ताव फेटाळला गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हात पाच दिवसांची बैठक झाली, हजारो आक्षेप निकालात काढले गेले आणि त्यानंतर प्रस्ताव मंजूर झाला. भारताने दोन्ही वेळा विरोधी मत दिले. इतकेच नव्हे, तर ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांच्यासह प्रक्रियेविरुद्ध अपीलही केले. ऑगस्टमध्ये ते नाकारले गेले.

पण मतदानाने फॉर्म चालत नाहीत. ते कसे चालतात, हे पाहायचे तर पुन्हा जर्मनीतच यावे लागते: म्युनिक शहरात.

तेथील महापालिकेच्या सुमारे १४,००० संगणकांवर विंडोज एनटी होते आणि कंपनी त्याचा आधार काढून घेणार होती. २८ मे २००३ रोजी नगरसभेने लिनक्सकडे वळण्याचा ठराव केला. त्याआधी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधील स्कीइंगची सुट्टी अर्ध्यावर टाकून महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला गेले होते. महापौर बधले नाहीत. हा प्रसंग सगळेच सांगतात. खरी कहाणी त्यानंतरची आहे.

कारण लवकरच लक्षात आले की विंडोज बदलणे त्या मानाने सोपे आहे. कठीण आहेत ते खात्याखात्यांत वर्षानुवर्षे साचलेले नमुने, फॉर्म आणि मॅक्रो. प्रत्येक खात्याची संगणकव्यवस्था स्वतंत्र. प्रत्येकाचे पत्रशीर्ष निराळे. एकाच कामासाठी निरनिराळे फॉर्म. त्यांतले कित्येक वर्डच्या मॅक्रोंवर चालणारे, आणि ते मॅक्रो दुसऱ्या प्रोग्रामला उमगत नसत. फॉर्म एकेक करून ‘रूपांतरित’ करण्यात अर्थ नव्हता.

म्हणून पालिकेच्याच प्रोग्रामकारांनी वॉलमुक्स नावाचे साधन रचले. नाव गमतीदार आहे: ‘अंडी, लोकर आणि दूध देणारी डुकरीण’ अशी एक जर्मन म्हण आहे, सर्वगुणसंपन्न वस्तूसाठी. तिच्यातली ‘लोकर’ येथे आली. कल्पना अशी की भरण्याचे रकाने दस्तऐवजात ठेवायचेच नाहीत. फॉर्म उघडला की शेजारी एक स्वतंत्र खिडकी यावी, कारकुनाने उत्तरे तेथे भरावीत आणि ती दस्तऐवजातील खुणेच्या जागी आपोआप उमटावीत. कर्मचाऱ्याचे नाव, खाते, दूरध्वनी हे सारे पालिकेच्या सूचीतून परस्पर यावे. ज्या प्रश्नावर दोन प्रोग्राम भांडत होते, तो प्रश्नच दस्तऐवजाबाहेर काढला गेला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत चतुर चाल आहे. २००८ मध्ये पालिकेने वॉलमुक्स खुले करून इतरांनाही वापरायला दिले. २०१३ अखेर जवळजवळ १५,००० संगणक लिनक्सवर आले.

ही चाल घरात चालली, वेशीबाहेर नाही. राज्य सरकार, कंत्राटदार, नागरिक हे वर्डच्याच फाइली पाठवत राहिले आणि तक्रारींच्या यादीत बिघडलेले दस्तऐवज कायम राहिले. २०१६ मध्ये बाहेरच्या सल्लागारांनी दिलेल्या अहवालात अडचणींचे मूळ तंत्रापेक्षा कारभाराच्या रचनेत अधिक दाखवले होते. तरीही नवे महापौर डीटर रायटर यांच्या काळात, २०१७ मध्ये, नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. सत्तांतराने तंत्र बदलले, एवढ्यावर ही गोष्ट संपवणे मला पटत नाही. वेशीबाहेरचा प्रत्येक फॉर्म त्या निर्णयाच्या बाजूने रोज एक मत टाकत होता.

रकान्याचे काम मात्र शांतपणे चालू राहिले. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेल्या लिब्रेऑफिसने वर्डचे ‘ओघातले’ रकाने हळूहळू आपल्या रचनेत सामावून घेतले, आणि ऑगस्ट २०२२ मधील ७.४ या आवृत्तीत कंटेंट कंट्रोल खऱ्या अर्थाने आले. वर्डमध्ये ते येऊन पंधरा वर्षे झाली होती.

नवी आवृत्ती घेतल्यावर मी तो शिष्यवृत्तीचा जुना अर्ज पुन्हा उघडला. यादी उघडली. तारखेच्या जागी दिनदर्शिका आली. खुणेची चौकट टिचकीसरशी भरली. केवळ वरचे मराठी शीर्षक वाचता येईना. ते युनिकोडपूर्व काळातल्या एका फॉन्टमध्ये टंकलेले होते. तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता, आणि अर्जाच्या माथ्यावर रोमन अक्षरांची व स्वल्पविरामांची एक अगम्य ओळ उभी होती.