‘ठाऊक नाही’ म्हणण्यातील मौज



प्रश्न विचारून समोरच्याला क्षणभर कोड्यात पाडावे आणि उत्तर उमगताच सर्वांनी मिळून हसावे, ही करमणूक आपल्याकडे फार जुनी आहे. संस्कृतातील प्रहेलिका, घरोघरच्या आजीबाईंची कोडी आणि उखाणे ही सारी त्याच कुळातली. विसाव्या शतकात नभोवाणीने या करमणुकीला नवे रूप दिले. सामान्यज्ञानाची चढाओढ लाखो लोकांना घरबसल्या एकाच वेळी ऐकता येऊ लागली. त्या इतिहासातील दोन प्रकरणे आज आपल्यापुढे ठेवावयाची आहेत. दोन्ही अमेरिकेतली आहेत; आणि ही मौज कशाने फुलते व कशाने कोमेजते, हे त्यांवरून चांगले कळते.

१७ मे १९३८ रोजी एन. बी. सी. या संस्थेच्या नभोवाणीवर ‘इन्फर्मेशन प्लीज’ हा कार्यक्रम सुरू झाला. डॅन गोलनपॉल हे त्याचे जनक. असल्या कार्यक्रमांत तोवर जाणत्यांनी विचारावे आणि सामान्य माणसाने उत्तर द्यावे, अशी रीत होती. गोलनपॉल यांनी ती उलटी केली. प्रश्न श्रोत्यांनी पाठवावयाचे आणि परीक्षेला बसावयाचे पंडितांनी! ग्रंथसमीक्षक क्लिफ्टन फॅडिमन सूत्रे सांभाळीत. स्तंभलेखक फ्रँकलिन ॲडम्स, क्रीडालेखक जॉन कीरन आणि पियानोवादक ऑस्कर लेव्हंट ही मंडळी उत्तरे देत. कीरन यांचा व्यवसाय खेळांच्या वार्ता लिहिण्याचा. पण शेक्सपिअर, लॅटिन भाषा आणि पक्षिजीवन यांतही ते तितकेच मुरलेले होते. पंडित अडले की दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राची घंटा खणकन वाजे आणि प्रश्नकर्त्या श्रोत्याला बक्षीस मिळे. पुढे त्या बक्षिसात एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या संचाचीही भर पडली. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे या विद्वानांना लपवावे लागत नसे. फजितीवरही कोटी करून ते श्रोत्यांना हसवीत. १९५१ पर्यंत हा कार्यक्रम नभोवाणीवर चालला.

पुढे दूरचित्रवाणीचा जमाना आला आणि बक्षिसांच्या रकमा फुगल्या. १९५५ मध्ये एका कार्यक्रमाने चौसष्ट हजार डॉलरांचा प्रश्न विचारण्यास आरंभ केला. सप्टेंबर १९५६ मध्ये ‘ट्वेंटी-वन’ हा कार्यक्रम सुरू झाला. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या कानी पडू नये म्हणून त्यात दोन्ही स्पर्धक वेगवेगळ्या बंदिस्त कक्षांत उभे राहत. प्रेक्षकांना हा सचोटीचा पुरावाच वाटे. प्रत्यक्षात निर्माते उत्तरे आधीच पुरवीत होते. हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा तरुण काही आठवडे अशाच रीतीने जिंकत राहिला. पुढे निर्मात्यांना त्याच्या जागी अधिक लोकप्रिय ठरेल असा चेहरा हवासा झाला आणि त्यांनी त्याला हरण्यास सांगितले. १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक कोणत्या चित्रपटास मिळाले, असा प्रश्न त्याला आला. उत्तर होते ‘मार्टी’. ते त्याला पक्के ठाऊक होते. तो चित्रपट त्याने पाहिलाही होता. तरी सांगितल्याप्रमाणे त्याने चुकीचे नाव घेतले. ५ डिसेंबर १९५६ रोजी तो हरला आणि कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन विजयी झाले.

व्हॅन डोरेन यांनी एक लाख एकोणतीस हजार डॉलर मिळविले. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. परंतु त्यांनाही उत्तरे पढवलेली होती. कपाळावरचा घाम आणि आठवण्यासाठी घेतलेला वेळ, हेसुद्धा शिकविलेले नाट्य होते. २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे त्यांनी सारे कबूल केले. प्रश्नांच्या खेळात अशी फसवणूक करणे हा तोवर तेथे गुन्हाच नव्हता; १९६० मध्ये कायदा दुरुस्त करून तो गुन्हा ठरविण्यात आला.

यातील खरी हळहळ पैशांची नाही. व्हॅन डोरेन मुळातच बहुश्रुत होते. पुढे तर ते एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे संपादक झाले. अशा माणसाला, येत नव्हते ते येत असल्याचे सोंग करावे लागले. आणि स्टेम्पेलला, येत होते ते येत नसल्याचे. उत्तर आधीच हाती आले, की आठवण्याची धडपड संपते, चुकण्याची धाकधूक संपते आणि खेळाचा प्राणच जातो.

आज सर्व उत्तरे खिशातल्या यंत्रात सापडतात. तरीही गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा वाचनालयाच्या दालनात प्रश्नमंजूषा रंगली, की आजोबा आणि नातू सारख्याच अधीरतेने पुढे सरकतात. जिभेवर आलेले नाव ओठांवर येईना, आणि शेजारच्या पोराने ते पटकन सांगून टाकले, तर चारचौघांत हार मानताना कसली लाज? त्या क्षणी आजोबांना एक नवी गोष्ट कळते आणि नातवाला शाबासकी मिळते. एका प्रश्नाने याहून अधिक काय द्यावे?