साथ, भाता आणि ऑर्गन

येडशीत रामलिंगाच्या वाटेवरच्या एका भजनाला बसलो होतो. पखवाज चढला, टाळ वाटले गेले, तेवढ्यात कुणी ओरडलं, ‘‘पेटीच्या साथीला कोण बसतंय?’’ मी शेजारच्या आजोबांना सहज म्हटलं, पूर्वी नाटकांत ऑर्गनची साथ असायची. आजोबा दचकले. ‘‘ऑर्गनची साथ? म्हंजी किडनीचा रोग आला व्हय?’’

हसलो खरा, पण आजोबांनी दोन्ही शब्दांची दुसरी बाजू अचूक पकडली होती. ग्रीक ‘ऑर्गनॉन’ म्हणजे अवजार, काम करण्याचं साधन. वाद्य सुरांचं साधन, मूत्रपिंड देहाचं. ॲरिस्टॉटलच्या तर्कग्रंथांनाही पुढे हेच नाव पडलं, कारण तर्क हे विचाराचं अवजार.

‘साथ’ तर त्याहून रंगेल. संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे माल घेऊन निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा, त्याचा म्होरक्या सार्थवाह. प्राकृतात ‘सत्थ’ झालं, मराठीत ‘साथ’. तांड्याबरोबर चालणं ते गायकाबरोबर चालणं, हा प्रवास समजतो. पटकीलाही साथ का म्हणायचं? रोगसुद्धा तांड्यातूनच गावोगाव फिरत असेल म्हणून, असा माझा तर्क.

सार्थांची वाट शोधायला येडशीहून लांब जायला नको. आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात या पेठेचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई. ग्रीक बंदरापर्यंत पोहोचले, ‘ऑर्गनॉन’ मात्र तेव्हा आलं नाही. ते आलं फार उशिरा आणि भलत्याच वाटेनं. १५८१ साली अकबराच्या दरबारात एक ‘अर्गनून’ दाखवण्यात आलं. दरबारातला इतिहासकार बदायुनी याला ते कसं दिसलं? माणसाएवढ्या मोठ्या पेटीसारखं! म्हणजे हे वाद्य पाहिलं की पेटीच आठवावी, हे काही मराठी माणसाचंच नाही.

आपल्या रंगभूमीवर जो ऑर्गन आला तो चर्चमधला नळ्यांचा नव्हे, पायाने हवेची पिशवी हलवायचा. हार्मोनियम हवा बाहेर ढकलून वाजते, बहुतेक पायऑर्गन ती आत ओढून वाजतात. म्हणून त्यांचा सूर गोल, किंचित ओलसर. बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांडे याच ऑर्गनवर बसत. हवेच्या त्या पिशवीला मात्र आपण लोहाराकडचा शब्द दिला : भाता, संस्कृत ‘भस्त्रा’. योगातली भस्त्रिका त्याचीच बहीण.

वादकाला मराठीने कधी धड पदवी दिली नाही. पेटीवाला, फार तर पेटीमास्तर. १९११च्या ‘मानापमान’ला संगीत देणारे गोविंदराव टेंबेही लोकांच्या लेखी पेटीवालेच. त्यांनी पुस्तकाला नाव दिलं ‘माझा संगीत व्यासंग’. व्यासंग म्हणजे मुळात जडलेली आसक्ती. मराठीने तिचा अभ्यास केला. गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर मधुकर पेडणेकरांकडे शिकले, हार्मोनियमइतक्याच अधिकाराने ऑर्गन वाजवत राहिले, पुढे शिष्य घडवले, २०१६ साली पद्मश्री झाले. त्या मानपत्रात ‘पेटीवाले’ लिहिलं असतं तर मला आवडलं असतं.

येडशीला त्या रात्री साथीला अखेर नववीतला एक पोरगा बसला. भाता जरा फाटका होता. त्याने काळी चार धरली आणि आजोबांनी टाळ उचलले.