अहवालातील ‘आम्ही’

बोईसरला उतरणारा कामगार कारखान्याचा भोंगा ओळखतो. कारखान्याचा वार्षिक अहवाल मात्र क्वचितच पाहतो. पाहिलाच, तर तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि त्या इंग्रजीलाही कूळ आहे. ‘आपल्या संचालकांना अहवाल सादर करण्यात आनंद होत आहे’ हे तिचे ठराविक वाक्य. तोटा झाला तरी हा आनंद ढळत नाही! संचालक भागधारकांना उत्तरदायी, ही ब्रिटिश कायद्यातील कल्पना त्या ‘आपल्या’त आहे, १९५६ च्या कंपनी कायद्याने ती आपल्याकडे पुढे चालविली. अमेरिकेत वॉरन बफे यांनी भागधारकांना भागीदार समजून आपल्या चुकाही प्रथमपुरुषात लिहिल्या. जपानी अध्यक्ष आधी ऋण मानतो, मग आकड्यांकडे वळतो.

मराठीत काय झाले? १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखाना मराठीतून नांगर घेणाऱ्यांशी बोलू लागला. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. अहवालाची भाषा मात्र त्या वाटेने गेली नाही, ही खंत आम्हांस वाटते.

तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. कारभाराच्या भाषेत तेथील माणसे ‘प्रकल्पग्रस्त’ झाली. २०२२-२३ पासून सेबीने शेअरबाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना आसपासच्या वस्तीच्या तक्रारींचा हिशोब अहवालात देणे भाग पाडले आहे. रकाना मिळाला खरा. पण त्यात वस्तीने बोलायचे ते एवढेच: तक्रारी किती आल्या, किती बाकी राहिल्या.